माफ असलेल्या दोन चुका

आपल्याकडे एखाद्याचं कौतुक करायचं तर ‘तो सगळ्यांना धरून असतो’ असं म्हणतात. साहेब बदलले तरी त्याचं टेबल हलत नाही. गावात सत्ता पालटली तरी दोन्हीकडची माणसं त्याच्या ओट्यावर चहाला बसतात. घरातली वडीलधारी मंडळी मुलांनाही हेच सांगतात: कुणाशी वाकडं घेऊ नकोस, याचंही ऐक, त्याचंही ऐक, आपलं काम साधून घे. एरवी या वागण्यात फारसं वावगं नाही. पण जिथे माणसांवर पाळत असते, जिथे कागद पाहून माणूस खरा की खोटा ते ठरतं, तिथे सगळ्यांना धरून राहण्याची किंमत कुणीतरी तिसराच मोजत असतो. त्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ती किंमत आपल्या हिशेबात येत नाही. ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मांडलेली मी एका व्हिडिओ गेममध्ये पाहिली. आईवडील ज्याला वेळेची नासाडी म्हणतात त्याच जातीच्या या खेळाविषयी आज गंभीरपणे लिहायचं आहे.

खेळाचं नाव ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप या अमेरिकी प्रोग्रॅमरने जपानमध्ये राहून तो जवळजवळ एकट्याने तयार केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो बाजारात आला. पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. आर्स्टोट्स्का नावाचं एक काल्पनिक साम्यवादी राष्ट्र, साल १९८२. शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षं चाललेलं युद्ध नुकतंच थांबलं आहे आणि ग्रेस्टिन शहराच्या मधून सीमा गेली आहे. सरकारी सोडतीत नाव निघालेला एक साधा माणूस तिथल्या नाक्यावर तपासनीस म्हणून रुजू होतो. तो म्हणजे आपण.

खेळाचा बहुतेक वेळ एका टेबलावर जातो. समोर खिडकी, बाजूला नियमांची वही, हाताशी दोन शिक्के, हिरवा आणि लाल. खिडकीतून पासपोर्ट आत सरकतो. फोटोतला चेहरा समोरच्याशी जुळतो का, मुदत संपली आहे का, पासपोर्ट दिला ते गाव त्या देशात खरोखर आहे का, परवान्यावरचा क्रमांक आणि पासपोर्टवरचा क्रमांक एकच आहे का, हे घड्याळाकडे बघत तपासायचं. रोज सकाळी नियम बदलतात, कागद वाढतात. बरोबर निकाली काढलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट मिळतात. चूक झाली की लगेच टेबलावरचं छपाईयंत्र खडखडतं आणि मंत्रालयाचा मेमो बाहेर येतो. दिवसातले पहिले दोन मेमो नुसते इशाऱ्याचे. तिसऱ्यापासून दंड, तिसऱ्याला पाच क्रेडिट, म्हणजे एका माणसामागची पूर्ण कमाई.

संध्याकाळी घरचा हिशेब पडद्यावर येतो. भाडं, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च. खाली बायको, मुलगा, सासू, काका. त्यांच्या नावापुढे लिहिलेलं असतं: भुकेला, गारठलेला, आजारी. पैसे सगळ्यांना पुरत नाहीत, मग आज ऊब की औषध हे ठरवावं लागतं. घरातलं एकूण एक माणूस गेलं तर तपासनीसाची नोकरीही जाते, कारण सरकारला सुदृढ कुटुंबं असलेली माणसं कामावर हवी असतात. हे वाचून काटा आला नाही असा खेळाडू मला भेटलेला नाही.

या टेबलापाशी हळूहळू ओढाताण सुरू होते. एझिक नावाची गुप्त संघटना सरकार उलथवण्याच्या तयारीत असते. तिचा बुरखाधारी दूत खिडकीत येतो, सांकेतिक चिठ्ठ्या देतो, अमुक माणसाला आत सोड म्हणतो. एक दिवस घरी हजार क्रेडिट येऊन पडतात. ते जाळले तर ठीक. ठेवले तर शेजारी वर कळवतात, चौकशी लागते आणि गाठीला होतं तेही जप्त होतं. माहिती खात्याचा व्होनेल नावाचा अधिकारी याच संघटनेच्या मागावर नाक्यावर येऊन विचारपूस करतो. एखादा भाबडा खेळाडू सरकारशी प्रामाणिक राहायचं म्हणून एझिकचे कागद त्याच्या हाती देतो आणि कटवाला ठरून तिथेच पकडला जातो. नाक्यावरचा शिपाई कालेन्स्क आणखी वेगळा सौदा मांडतो. त्याला प्रत्येक अटकेमागे बक्षिसी मिळते. ज्यांना नुसतं परत पाठवून भागेल त्यांनाही तू अडकव, त्यातला वाटा तुला देतो, असं तो सांगतो. आणि या सगळ्यांच्या वर घर आहेच.

खेळाला वीस शेवट आहेत. शेवटपर्यंत सरकारची चाकरी करता येते, एझिकला जिंकून देता येतं, बनावट पासपोर्टवर घरच्यांसह शेजारच्या ओब्रिस्तानला पळता येतं. बाकीचे बहुतेक शेवट अटकेचे. म्हणून खेळणारे जे कौशल्य कमावतात ते तोल सांभाळण्याचं. एझिकची कामं शेवटच्या दिवशी त्यांना आपण त्यांचे वाटू इतकी करायची, व्होनेलला वास येणार नाही अशी करायची, कालेन्स्कचे पैसे घ्यायचे आणि मंत्रालयाकडे दप्तर कोरं ठेवायचं. हे जमलं की जिंकल्यासारखं वाटतं.

वाटतं, कारण या हिशेबात रांगेतला माणूस कुठेच नाही. कालेन्स्कचा वाटा घ्यायचा म्हणजे चुकीच्या कागदापायी ज्याला घरी परत जाता आलं असतं, त्याला बेड्या घालून आत पाठवायचं. पडद्यावर बटण एकच असतं आणि त्याच रात्री मुलाच्या नावापुढचं ‘आजारी’ पुसलं जातं. एझिकला खूश ठेवायचं म्हणजे फक्त चांगल्या माणसांना आत घेणं नव्हे. एके दिवशी ते विषाची पूड देतात, ती एका माणसाच्या पासपोर्टवर लावून त्याला तो परत द्यायचा असतो. पुढे एका माणसावर दुरून गोळी झाडायला सांगतात. बंडखोर म्हणजे आपोआप सज्जन, ही सोय पोपने ठेवलेली नाही, आणि ते फार चांगलं केलं. दोन्ही पक्ष तपासनीसाकडे निष्ठा मागतात, आणि दोघांनाही ती त्याच्या हातातल्या शिक्क्यासाठी हवी असते. दोघांनाही थोडी थोडी निष्ठा देणारा माणूस मधोमध उभा आहे असं आपण समजतो. खरं तर तो दोघांच्याही पापाचा वाटेकरी असतो, नुसता हप्त्याहप्त्याने. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाच्या रथाची चाकं जमिनीला टेकली ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मारला गेला तो द्रोण, हे मात्र सांगताना घाईत निघून जातं.

मग त्या टेबलावर सरळ वागायला जागाच नाही का? आहे. त्या माफ असलेल्या दोन मेमोंत ती आहे, आणि या खेळातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

पाचव्या दिवशी एक नवरा येतो. अँटेग्रिया देशातून जीव घेऊन पळालेला. त्याचे कागद नीट असतात. मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी नीट वागा, एवढंच सांगून तो पलीकडे जातो. ती येते आणि तिच्याजवळ प्रवेश परवाना नसतो. त्यांनी मला दिलाच नाही, परत गेले तर मारतील, असं ती म्हणते. नियम स्पष्ट आहे, लाल शिक्का. हिरवा मारला तर यंत्र खडखडणार. पण त्या दिवशी आपण तोवर एकही चूक केलेली नसेल, तर तो मेमो फुकटचा असतो. दंड नाही, मुलाच्या औषधाला कात्री नाही. सकाळपासून आळस केला असेल, मुदत संपलेले दोन पासपोर्ट नजरेतून सुटले असतील, तर मात्र तिच्यावरची दया आपल्याला पाच क्रेडिटना पडते.

याच्या उलटही एक प्रसंग आहे. एक तरुणी चिठ्ठी देऊन जाते: दारी लुडम नावाचा माणूस येणार आहे, तो आमचे पासपोर्ट काढून घेईल आणि आम्हाला देहविक्रीला लावेल, त्याला आत येऊ देऊ नका. थोड्या वेळाने लुडम येतो, आणि त्याचे सगळे कागद चोख असतात. त्याला अडवलं तर मेमो आपल्या नावावर. सोडलं तर त्या मुलींचं काय झालं ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. कागद खरे आणि माणूस खोटा, किंवा माणूस खरा आणि कागद अपुरे. दोन्ही वेळा नियमाबाहेर एक पाऊल टाकावं लागतं आणि त्या पावलाला दिवसाकाठी दोनदा परवानगी आहे.

म्हणून मला वाटतं, चोख काम आणि दया यांचं वैर आहे असं आपण उगाच धरून चालतो. गलथान माणसाला दया परवडत नाही. ज्याने दिवसभर एकेक क्रमांक डोळ्यांत तेल घालून तपासला, त्याच्याच हातात संध्याकाळी कुणासाठी तरी खर्च करायला दोन चुका शिल्लक असतात. तपासनीस कोणत्या गटाचा, हा प्रश्न बाजूला ठेवून मी प्रत्येक खेळाडूला एवढंच विचारेन: त्या दोन चुका तू कशावर घालवल्यास?

‘पेपर्स, प्लीज’नंतर तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, सैबेरियातल्या बार्नौल शहरात तयार झालेला ‘बिहोल्डर’ हा खेळ आला. त्यातला कार्ल स्टाइन एका सरकारी इमारतीचा व्यवस्थापक. भाडेकरूंच्या कुलपाच्या भोकातून डोकवायचं, खोलीत चोरून कॅमेरे बसवायचे, कपाटं उचकटायची आणि वर अहवाल पाठवायचा, हे त्याचं काम. झोप लागू नये म्हणून सरकारने त्याला औषध दिलेलं. मुलाच्या शिक्षणाला पैसे हवेत, मुलगी आजारी, आणि पैसा मिळतो तो शेजाऱ्यांना अडकवून. हा खेळ अधिक काळा आहे, पण मला थोडा कमी वाटतो. त्यात माणसाला दाराआडून बघितलं जातं. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये तो समोर उभा राहून बोलतो, आणि नकार त्याच्या तोंडावर द्यावा लागतो.

हे सगळं कल्पनेतलं आहे म्हणून सोडून द्यावं, तर बर्लिनच्या बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्याचं काय करायचं? पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस खात्यात १९८९ साली सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती आणि गुप्तपणे खबर देणारे त्याच्या जवळजवळ दुप्पट. शेजारी, सहकारी, काही घरांत नवरा. त्या नाक्यावर पासपोर्ट तपासणारे अधिकारीही स्टासीचेच असत. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री तिथे हाराल्ड येगर हे कामावर होते. पंचवीसहून अधिक वर्षं त्यांनी इमानेइतबारे सीमेची चाकरी केली होती. बंडखोरीचा त्यांना स्पर्शही नव्हता. संध्याकाळी टीव्हीवर पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की बोलता बोलता म्हणून गेले की पलीकडे जाण्याचे नवे नियम तत्काळ लागू आहेत. तासाभरात फाटकाशी गर्दी उसळली. येगर वर फोन करत राहिले. वरून स्पष्ट हुकूम येईना.

मग वरून एक तोडगा आला. सगळ्यांत जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना पलीकडे सोडा, पण त्यांच्या ओळखपत्रावर फोटोवरच शिक्का मारा, म्हणजे ते परत येऊ शकणार नाहीत. गर्दीचंही थोडं ऐकलं, सरकारचंही राखलं. तोल सांभाळण्याचा याहून नमुनेदार हुकूम मला माहीत नाही. त्याची किंमत थोड्याच वेळात फाटकावर येऊन उभी राहिली. एक तरुण जोडपं पश्चिम बर्लिन नुसतं डोळ्यांनी बघून परत आलं होतं. मुलं घरी झोपलेली. आणि त्यांना सांगण्यात आलं की तुमचा देश आता तुमचा नाही, तुमच्या ओळखपत्रावर शिक्का आहे. आपल्याला हद्दपार केलं आहे हे त्या दोघांना ठाऊकच नव्हतं. येगरनी त्यांना आत घेतलं. हुकमाविरुद्धची त्यांची त्या रात्रीची पहिली मोठी चूक ती. एकदा त्यांना आत घेतल्यावर तशाच इतरांना नाही म्हणणं त्यांना जमेना. साडेअकराच्या सुमाराला त्यांनी फाटक उघडायला सांगितलं.

इतिहासात येगर फाटक उघडणारे म्हणून राहिले. मला मात्र त्याआधीचा तो क्षण मोठा वाटतो. गर्दीच्या रेट्यापुढे फाटक उघडणं एका अर्थी अटळ होतं. त्या दोघांना आत घेणं अटळ नव्हतं.

येगरना त्या चुकीची शिक्षा झाली नाही, कारण शिक्षा करणारं राज्यच वर्षभरात उरलं नाही. पॉल ग्रुनिंगर इतके सुदैवी नव्हते. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन प्रांताचे ते पोलीसप्रमुख. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडने तिथून पळून येणाऱ्या ज्यूंना सीमा बंद केली. ग्रुनिंगरनी शेकडो लोकांच्या कागदांवर आगमनाची तारीख मागची घातली, म्हणजे ते बंदीपूर्वी आले असं दिसावं. हे उघडकीस आलं तेव्हा, १९३९ मध्ये, त्यांना बडतर्फ केलं आणि निवृत्तिवेतन बंद केलं. १९४० मध्ये कर्तव्यच्युती आणि कागदपत्रांत फेरफार या आरोपांखाली न्यायालयाने दोषी ठरवलं. पुढे त्यांना धड नोकरी मिळाली नाही. १९७२ मध्ये ते हलाखीत गेले. सांक्ट गालेनच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं ते १९९५ मध्ये.

इथे वाचक विचारेल, आणि विचारावंच: मग त्यांच्या बायकामुलांनी काय करायचं? आम्ही हुकमाचे ताबेदार, आमच्याही घरी चूल आहे. हा प्रश्न मी टाळणार नाही. तपासनीसाने मुलाचं औषध तोडून परक्या बाईला आत घ्यावं असं सांगण्याचा अधिकार मला नाही, माझ्या मते कुणालाच नाही. पाळतीचं राज्य नेमकं हेच करतं. कर्मचाऱ्याचं घर ते ओलीस ठेवतं आणि मग त्याच्या भित्रेपणाला घरावरचं प्रेम असं नाव देता येतं. म्हणून नुसत्या वीरांची वाट बघून भागणार नाही. माफ असलेल्या चुका दोनाच्या चार, चाराच्या दहा कशा होतील, खिडकीमागच्या माणसाला विवेकाने वागायला बिनदंडाची जागा किती मिळेल, हे बघणं आपल्या हातात आहे. सुधारणा म्हणायची ती याला.

आपल्याकडे ही जागा किती आहे? कचेरीत जाऊन बघा. कर्मचाऱ्याच्या डोक्यावर ऑडिटचा आक्षेप असतो, वेतनातून वसुलीची भीती असते, खातेनिहाय चौकशी असते. एखाद्याचं काम नियमावर बोट ठेवून नाकारल्याबद्दल मेमो मिळालेला माणूस क्वचित सापडेल. काम करून दिल्याबद्दल मिळालेले पुष्कळ. रेशन दुकानात मजुरी करून झिजलेल्या बोटांचा अंगठा लागत नाही, म्हणून बाई रिकामी पिशवी घेऊन परत जाते, आणि मशीन घेत नाही त्याला मी काय करू, असं म्हणणारा दुकानदार दुष्ट असतोच असं नाही. पर्यायी व्यवस्था नियमात असते. ती वापरणाऱ्याची पाठराखण करणारं कुणी नसतं. आतून बोट दाखवणाऱ्यांची स्थिती तर आणखी बिकट. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने केला, २०१४ च्या मे महिन्यात त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि नंतरची कितीतरी वर्षं तो लागू करणारी अधिसूचना निघाली नाही. बाहेरून बोट दाखवणाऱ्यांचंही तेच. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांचा भर सकाळी खून झाला. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांनी सगळ्यांना धरून राहायचं ठरवलं तर केवळ त्यांना दोष देणं मला न्यायाचं वाटत नाही.

म्हणून मागण्या ठोस हव्यात. जागल्यांचा कायदा कागदावरून जमिनीवर यावा. सद्हेतूने आणि कारण लिहून केलेल्या अपवादाला वसुली लावता येणार नाही असा नियम प्रत्येक खात्यात व्हावा. काम नाकारलं तर नाकारणाऱ्याने नाव आणि कारण लेखी द्यावं, म्हणजे नाकारण्यालाही काही किंमत पडेल. आणि अंगठा लागत नाही म्हणून निवृत्तिवेतनाच्या खिडकीवरून परत चाललेल्या म्हाताऱ्याला थांबवून, ‘हे जिवंत आहेत, माझ्यासमोर उभे आहेत’ असं लिहून खाली सही करण्याची मुभा तिथल्या सर्वांत कनिष्ठ कारकुनालाही असावी.